तांदळाचा धागा

भंडारा जिल्ह्यातील आंधळगाव म्हटले की कोशाच्या साड्या आठवतात. कोसा उकळून त्यातून धागा काढतात, हे येथे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. धानाच्या या मुलखात आम्ही एकदा तांदळाचा धागा काढायला बसलो. निमित्त होते व्हिएतनाममधील हनोई शहराच्या ‘बुन चा’ या पदार्थाचे. तांदळाच्या ताज्या शेवया, निखाऱ्यावर भाजलेले डुकराच्या खिम्याचे गोळे, आंबटगोड पाणी आणि भरपूर हिरवा पाला, असे हे जेवण.

पहिला प्रयत्न फसला. तांदळाचे पीठ थंड पाण्यात मळून सोऱ्यात भरले. शेव उकळत्या पाण्यात पडताच तिची पेज झाली! गव्हाच्या शेवईचे असे होत नाही. का बरे?

याचे उत्तर शोधताना इटलीतील बोलोन्या शहरात जावे लागते. तेथील प्राध्यापक याकोपो बेक्कारी यांनी गव्हाची कणीक पाण्यात धुतली. पांढरे पिष्ट वाहून गेले आणि हातात चिवट गोळा उरला. हे निरीक्षण १७४५ साली प्रसिद्ध झाले. या चिवट प्रथिनालाच आपण ग्लुटेन म्हणतो. त्याच्या जोरावर गव्हाची शेवई ताणता येते. तांदळात ते नसते.

मग हनोईत कसे जमते? तेथे तांदूळ भिजवून वाटतात, आंबवतात, पाणी निथळतात आणि पिठाचा काही भाग आधी शिजवून उरलेल्यात मळतात. नंतर ते साच्यातून उकळत्या पाण्यात सोडतात. आपल्या कोकणातील शिरवाळ्यांची रीतही याच तत्त्वावर चालते. पिठाची उकड काढून तिचे मुटके पाण्यात शिजवायचे आणि गरम असतानाच लाकडी साच्यातून दाबायचे. सुमारे ६० ते ८० अंश सेल्सिअसला पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात व चिकट होतात. थंड झाल्यावर त्यांतील लांब रेणू पुन्हा जवळ येतात आणि धागा घट्ट होतो. ग्लुटेनचे काम शिजलेले पिष्टच करते.

एकाने दुसऱ्याकडून शिकलेच असेल, असे मानण्याची गरज नाही. अडचण सारखी असली की उपायही सारखा सुचू शकतो. मात्र देवाणघेवाणीचे पुरावेही आहेत. आजच्या व्हिएतनामच्या किनाऱ्यावर चंपा नावाचे राज्य होते. तेथील राजांचे संस्कृत शिलालेख सापडले आहेत. चंपाचा लवकर पिकणारा तांदूळ, म्हणजे आपल्या भाषेत हलका धान, चीनच्या सम्राटाने १०१२ साली दुष्काळी भागांत वाटला होता. भांड्यातील मिरची तर कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीपूर्वी आशियात नव्हतीच. भिवापूरची मिरची आणि हनोईची मिरची, दोघींचे माहेर अमेरिका.

दुसऱ्या वेळी आम्ही उकड काढली. जेवढे पीठ तेवढेच उकळते पाणी घेतले. मुटके वर तरंगेपर्यंत शिजवले आणि गरम असतानाच दाबले. धागा टिकला. मटणाच्या खिम्यात लसूण, कांदा, मीठ, मिरे घालून चपटे गोळे निखाऱ्यावर भाजले. हनोईत मिठात मासे मुरवून केलेले ‘नुओक माम’ हे पाणी वापरतात; आम्ही गूळ, लिंबू, मीठ, लसूण व मिरची पाण्यात कालवली. त्यात कच्च्या पपईच्या चकत्या टाकल्या. वर पुदिना, कोथिंबीर.

वर्गात हे सारे रांधता येणार नाही. पण कणकेचा एक गोळा आणि तांदळाच्या पिठाचा एक गोळा पाण्याखाली धुऊन पाहता येईल. कोणता हातात उरतो, ते मुलांना आधी ओळखू द्यावे. मग विचारावे, आधी शिजवून मग दाबण्याची युक्ती प्रथम कोणाला सुचली असेल? बेक्कारींचे नाव ग्रंथांत आहे. चुलीपुढच्या त्या प्रयोगकर्तीचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. तिची पद्धत मात्र आजही बरोबर उत्तर देते.