थांबायला उशिरा शिकलेली गाडी : मॉर्गन थ्री-व्हीलर आणि तिचे ब्रेक

मोटारींचा इतिहास सहसा वेगाच्या आकड्यांनी लिहिला जातो. कोण किती वेगाने गेले, कोणी कोणाचा विक्रम मोडला, याच्या नोंदी काटेकोर सापडतात. तो वेग आवरला कसा गेला, हे मात्र क्वचितच कोणी सांगतो. आजचा हा धागा त्या दुसऱ्या बाजूविषयी आहे. गाडी इंग्लंडची, तीन चाकांची, शर्यतींत गाजलेली. आणि पहिली सुमारे १४ वर्षे तिच्या पुढच्या चाकांना ब्रेकच नव्हते.

हेन्री फ्रेडरिक स्टॅन्ली मॉर्गन, अर्थात 'एचएफएस', हा एका पाद्र्याचा मुलगा. वूस्टरशरमधील मॅल्व्हर्न लिंक या गावी त्याचे गॅरेज होते. १९०९ मध्ये त्याने स्वतःच्या वापरासाठी एक हलकी तीनचाकी बांधली. मॅल्व्हर्न कॉलेजातील अभियांत्रिकीचे शिक्षक स्टीफन्सन-पीच यांनी त्याला कार्यशाळेची आणि अनुभवाची मदत केली. इंजिन प्यूजोचे, दोन सिलिंडरचे. नोव्हेंबर १९१० मध्ये लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनात ही गाडी लोकांसमोर आली. पुढे ती हॅरॉड्स या प्रसिद्ध दुकानाच्या काचेच्या खिडकीतही मांडली गेली.

तीनचाकी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रिक्षा येते : पुढे एक चाक, मागे दोन. मॉर्गनची रचना नेमकी उलटी होती. पुढे दोन चाके, मागे एक, आणि इंजिन अगदी नाकावर. हा फरक केवळ दिसण्यापुरता नाही. वळणावर ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे सरकतो. रिक्षात तो एकाच चाकावर येतो आणि गाडी कलंडण्याची भीती वाढते. मॉर्गनमध्ये तो दोन चाकांच्या रुंद पायावर येतो. म्हणजे आकाराने ही गाडी ब्रेक लावण्यासाठी अतिशय सोयीची होती. विरोधाभास असा की ज्या चाकांवर भार येत होता, त्यांनाच ब्रेक नव्हते.

सगळी व्यवस्था मागच्या एकाच चाकावर एकवटलेली होती. इंजिनाची ताकद एका लांब नळीतील दांड्यातून मागे जाई, तेथून दोन साखळ्या त्या चाकाला फिरवीत. एक साखळी एका गिअरची, दुसरी दुसऱ्या गिअरची. मागे जाण्याचा गिअर नव्हताच. ब्रिटिश नियमांना दोन स्वतंत्र ब्रेक हवे होते, म्हणून त्याच चाकाच्या दोन बाजूंना दोन ड्रम आणि त्यांभोवती आवळले जाणारे दोन पट्टे बसवले गेले. एक पायाने आवळायचा, दुसरा हाताने. कागदोपत्री ब्रेक दोन. रस्त्याला टेकलेले टायर मात्र एकच! ते एकदा घसरू लागले की दुसरा ब्रेक असून नसल्यासारखा.

याचा अर्थ आकड्यांत पाहू. समजा, गाडीचा दोन-पंचमांश भार मागच्या चाकावर आहे आणि रस्ता कोरडा, पण सामान्य प्रतीचा आहे. ताशी ८० किलोमीटर वेगात ब्रेक दाबला. भार पुढे सरकल्याने मागचे चाक आणखी हलके होते, त्याची पकड घटते. अशा गाडीला थांबायला सुमारे १२० मीटर लागतील. तिन्ही चाकांना ब्रेक असते, तर तेच काम ४२ मीटरच्या आसपास झाले असते. हा हिशेब ढोबळ आहे, परंतु तफावत ढोबळ नाही. ओल्या रस्त्यावर तर मागचे चाक अडकून शेपूट आडवे फिरण्याचा धोका वेगळाच.

मग एवढी उघड उणीव कोणाला दिसली नाही का? दिसली असेल; पण ती तेव्हा उणीव मानली जात नव्हती. १९१० च्या सुमारास मोठ्या, महागड्या मोटारींनाही बहुधा मागेच ब्रेक असत. पुढच्या चाकांना ब्रेक लावला तर गाडी पलटेल, किंवा चाके अडकून स्टिअरिंग निकामी होईल, अशी भीती जाणकारांमध्येही होती. इटलीची इसोत्ता फ्रास्किनी, स्कॉटलंडची आर्गाइल अशा मोजक्या कंपन्यांनी पहिल्या महायुद्धापूर्वी चारही चाकांना ब्रेक देऊन पाहिले, पण ती प्रथा झाली नाही. रस्त्यांवर गर्दी नव्हती आणि इंग्लंडमधील वेगमर्यादा ताशी २० मैलांची होती. ती पाळली जात असे, असे मात्र कोणी समजू नये.

दरम्यान, मॉर्गन धावत होती. १९१२ मध्ये एचएफएसने ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर एका तासात जवळजवळ ६० मैल, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटर अंतर कापले. पुढच्या वर्षी फ्रान्समधील आमियाँ येथे सायकलकारांची ग्राँ प्री झाली. डब्ल्यू. जी. मॅकमिनीज याने वाटेत पंक्चर काढूनही सर्वांत आधी रेषा ओलांडली. फ्रेंच संयोजकांनी तीन चाकांची गाडी सायकलकार मानायला नकार देऊन तिला साइडकारच्या मोटारसायकलींत ढकलले, पण कंपनीने त्यानंतरच्या मॉडेलला 'ग्राँ प्री' हेच नाव दिले. जाहिरातीच्या दृष्टीने तो निर्णय बिनचूक होता.

युद्धानंतर मात्र परिस्थिती पालटली, आणि पालटण्याचे कारण शर्यत नव्हे, कर होता. १९२१ पासून ब्रिटनमध्ये मोटारीवर दर अश्वशक्तीमागे एक पौंड वार्षिक कर बसू लागला. ८ हंड्रेडवेट, म्हणजे सुमारे ४०६ किलोच्या आतील तीनचाकीला मात्र मोटारसायकलीच्या वर्गात गणून केवळ ४ पौंड. कारकून, शिक्षक, नवविवाहित जोडपी यांना मोटारीचे सुख मोटारसायकलीच्या खर्चात मिळवून देणारा हा आकडा होता. मॉर्गनचे अर्थकारण त्याच्यावर उभे होते. पण त्याच आकड्याने गाडीला वजनाच्या चौकटीत बांधलेही. ड्रम, पट्टे, तारा, तरफा यांचे वजन असते. आणि प्रत्येक किलोचा हिशेब त्या मर्यादेशी जुळवावा लागे.

१९२२ मध्ये हर्बर्ट ऑस्टिनने 'ऑस्टिन सेव्हन' बाजारात आणली. चार चाके, छोटेखानी देह, वार्षिक कर ८ पौंड. आणि एवढ्या स्वस्त गाडीच्या चारही चाकांना ब्रेक! ते फार जोरकस नव्हते; तिच्या चालकांनी त्यांच्यावर भरपूर विनोद केले आहेत. पण ग्राहकाच्या दृष्टीने प्रश्न साधा होता : चार पौंड वाचवण्यासाठी आपण चौथे चाक आणि पुढचे ब्रेक सोडायचे का? त्याआधी एकच वर्ष, १९२१ च्या फ्रेंच ग्राँ प्रीत जिमी मर्फीची ड्यूसेनबर्ग चारही चाकांच्या हायड्रॉलिक ब्रेकांसह जिंकली होती. पुढच्या ब्रेकांची जुनी भीती ओसरू लागली होती. उलट आता भीती मागून येणाऱ्यांची होती : चारचाकी ब्रेकांची गाडी एकदम थांबते, अंतर ठेवा, असा इशारा देणारे लाल त्रिकोण काही गाड्यांच्या पाठीवर लावले जात.

मॉर्गनने १९२३ मध्ये पुढच्या चाकांचे ब्रेक देऊ केले, तेही जादा पैसे मोजणाऱ्यांसाठी. या सुधारणेतील अभियांत्रिकी मनोरंजक आहे. मॉर्गनचे पुढचे सस्पेन्शन त्या काळात अनोखे होते : प्रत्येक चाक एका उभ्या खांबावर स्प्रिंगच्या आधाराने स्वतंत्रपणे वरखाली सरकत असे, आणि त्याच खांबाभोवती वळतही असे. म्हणजे ब्रेकचा ड्रम एकाच वेळी वरखाली जाणार आणि डावी-उजवीकडे फिरणार. तेथपर्यंत ताठ सळई न्यायची, तर प्रत्येक खड्ड्यात ब्रेक आपोआप लागेल किंवा सुटेल. उपाय सायकल-मोटारसायकलींच्या दुनियेतून आला : लवचीक आवरणातून जाणारी तार, जिला आपण आजही ब्रेकची केबल म्हणतो. केबल वाकते, वळते, आणि ओढ मात्र तशीच पोचवते.

केबलला स्वतःचे दुखणे असतेच. एक केबल दुसरीपेक्षा किंचित घट्ट राहिली, तर ब्रेक दाबताच गाडी त्या बाजूला ओढली जाते. आवरणात पाणी आणि चिखल शिरला, की तार अडते. शिवाय ब्रेकचा पिळवटणारा जोर शेवटी त्या उभ्या खांबांवर आणि त्यांना धरणाऱ्या नळ्यांवर येतो. जो सांगाडा फक्त चाके धरण्यासाठी कल्पिला होता, त्याला आता थांबण्याचाही भार पेलायचा होता. ब्रेक सुधारणे म्हणजे केवळ ब्रेक बदलणे नव्हे, हे येथे स्पष्ट दिसते.

यापेक्षाही विचार करायला लावणारी गोष्ट नियंत्रणांच्या मांडणीत आहे. दोन गिअरच्या मॉर्गनमध्ये पायाचा पेडल मागच्या चाकाचा ब्रेक लावी. पुढचे, म्हणजे अधिक परिणामकारक ब्रेक, हाताच्या दांड्यावर होते. इंधनाचा पुरवठाही पायाने नव्हे, स्टिअरिंगवरील छोट्या तरफेने कमी-जास्त करायचा. आणि स्टिअरिंग सुरुवातीच्या काळात थेट होते : मधे कोणताही गिअर नाही, चक्र जरा हलले की चाकेही तेवढीच हलणार. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यात वेग घटवणारी गिअरपेटी आली, तोवर रस्त्यावरचा प्रत्येक दगड चालकाच्या मनगटाला जाणवत असे. आता समोर बैलगाडी आडवी आली आहे, अशी कल्पना करा. त्या क्षणी ज्या स्टिअरिंगवर दोन्ही हातांची घट्ट पकड हवी, त्यावरूनच एक हात काढून दांडा ओढायचा. सुधारणा खरी होती. पण ती जुन्या मांडणीच्या अंगावर ठिगळासारखी बसली होती, आणि त्या ठिगळाची किंमत चालकाने सरावाने भरून काढायची होती.

सप्टेंबर १९२४ मध्ये ब्रुकलँड्सच्या २०० मैलांच्या शर्यतीत ई. बी. वेअर याच्या मॉर्गनला भीषण अपघात झाला. वेअर हा मॉर्गनला इंजिने पुरवणाऱ्या जेएपी कंपनीतील प्रयोग विभागाचा प्रमुख. तो आणि त्याचा सोबती मेकॅनिक दोघेही गंभीर जखमी झाले, पण वाचले. काँक्रीटच्या त्या उतरत्या धावपट्टीवर पूर्ण वेगात गाडीवरचा ताबा सुटला होता. तेथे ब्रेकला दोष देणे अन्यायाचे होईल. तरीही परिणाम गाडीच्या साऱ्या कुळाला भोगावा लागला. चारचाकी मोटारींबरोबरच्या शर्यतींत तीनचाकींना यापुढे मज्जाव झाला. वेग मात्र थांबला नाही : १९२५ मध्ये बीअर्टच्या मॉर्गनने ताशी १०० मैलांचा टप्पा ओलांडला आणि १९३० च्या सुमारास ग्वेंडा स्ट्यूअर्ट या विलक्षण धाडसी स्त्रीने फ्रान्समध्ये तो ताशी ११५ मैलांपर्यंत नेला. विक्रमाच्या धावेला ब्रेक जवळजवळ लागतच नाहीत. लांबच लांब धावपट्टी असते, वेग आपसूक ओसरतो. विक्रमांच्या यादीत ब्रेक का सापडत नाहीत, याचे हे एक कारण.

रस्त्यावरच्या ग्राहकासाठी मात्र तोलणे चालूच होते. काही वर्षांत पुढचे ब्रेक जादा पैशांची वस्तू न राहता गाडीचा भाग बनले. १९३० च्या दशकाच्या आरंभी तीन पुढचे गिअर आणि एक मागचा आला. १९३३ च्या प्रदर्शनात फोर्डचे चार सिलिंडरचे इंजिन असलेली एफ-४ आली. गाडी हळूहळू मोटारीसारखी होत होती, आणि तिथेच तिचे कारण संपत होते. १९३५ मध्ये अश्वशक्तीवरील कर एक पौंडावरून १५ शिलिंगांवर उतरला. त्याच वर्षी फोर्डने चारचाकी मोटार १०० पौंडांना विकायला काढली. १९३६ मध्ये मॉर्गनने स्वतःच चार चाकांची ४-४ बाजारात आणली. तीनचाकींचे उत्पादन १९५२ मध्ये थांबले.

कथा येथे संपायला हवी होती, पण २०११ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात कंपनीने नवी थ्री-व्हीलर मांडली. नाकावर अमेरिकी एस अँड एस कंपनीचे दोन सिलिंडरचे इंजिन, माझदाचा पाच गिअरचा बॉक्स, मागच्या चाकाला साखळीऐवजी पट्टा. ब्रेक पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. काही हौशी मालकांनी पुढे मोठे, अधिक जोराचे कॅलिपर बसवून घेतले. त्याने पेडलची जाण सुधारते आणि सलग उतारावर ब्रेक तापून मंदावण्याची शक्यता कमी होते. पण एक मर्यादा कायम राहते : पुढची चाके अरुंद आहेत, आणि ब्रेक कितीही जबरदस्त असला तरी गाडी अखेर टायरच्या पकडीनेच थांबते. चाक अडकवण्याइतका जोर आधीच उपलब्ध असेल, तर अधिक जोर केवळ लवकर घसरायला उपयोगी पडतो. येथे पैसे कॅलिपरवर घालण्यापूर्वी टायरकडे पाहावे, हे सांगायला अभियंता असण्याची गरज नाही.

जुन्या गाड्यांच्या मालकांपुढचा पेच याहून अवघड आहे. मॉर्गन थ्री-व्हीलर क्लब १९४५ पासून या गाड्या सांभाळणाऱ्यांना एकत्र आणतो आहे, आणि त्यांतील कितीतरी गाड्या अजून रस्त्यावर धावतात. संग्रहालयात नव्हे, ट्रकांच्या आणि एबीएस असलेल्या मोटारींच्या मधोमध. पुढची गाडी ४० मीटरमध्ये थांबते आणि तुमची त्याच्या दुप्पट-तिप्पट अंतरात, तेव्हा ऐतिहासिक अस्सलपणा ही फार महाग चैन ठरू शकते. म्हणून काही जण मूळ ड्रम तसेच ठेवून आत हायड्रॉलिक यंत्रणा बसवतात; बाहेरून गाडी १९२८ ची, आतून नाही. काही जण केबलच ठेवतात, पण अस्तर नव्या प्रतीचे वापरतात आणि दर मोहिमेपूर्वी दोन्ही तारा मोजून सारख्या ताणतात. आणि काही थोडे असेही आहेत, ज्यांच्या गाडीला आजही फक्त मागेच ब्रेक आहेत. ते पावसाळी दिवशी गाडी बाहेर काढत नाहीत.