तलवार, फासे आणि मृत्यू : साहसप्रधान भूमिकाखेळांच्या नियमांचा विकास

मेजाभोवती बसून प्रत्येकाने एका कल्पित व्यक्तीची भूमिका घ्यावयाची आणि तिच्या कृतींचा निर्णय फाशांवर सोपवावयाचा, असा जो खेळ 'रोल-प्लेइंग गेम' या नावाने प्रसिद्ध आहे, त्याचे मूळ करमणुकीत नसून लष्करी शिक्षणात आहे. प्रशियन अधिकारी राइसविट्झ याने १८२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या युद्धखेळात फासा हा रणांगणावरील अनिश्चिततेचे प्रतीक होता. त्याने होणारी हानी पलटणीची असे, व्यक्तीची नसे.

अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रकाशित केला, तेव्हा पलटणीच्या जागी एकटा वीर आला. पण हानीचे गणित मात्र युद्धखेळाचेच राहिले. अंगची शक्ती शून्यावर आली की वीर मरे, मग त्याचे साहस कितीही उज्ज्वल असो.

तलवारबहाद्दरांच्या अद्भुतरम्य कथांना हे गणित मानवणारे नव्हते. १९७५ च्या 'आँ गार्द!' या खेळात सतराव्या शतकातील पॅरिस अवतरले. द्वंद्वातील डाव दोघांनी आधी कागदावर लिहून ठेवावयाचे आणि मग ते क्रमाने ताडून पाहावयाचे, अशी त्याची रीत होती. तथापि त्यातील खरी चढाओढ सामाजिक प्रतिष्ठेसाठी होती. ती सतत मिळवीत न राहिल्यास पात्राची पायरी घसरे.

१९९९ मध्ये जॉन विक प्रभृतींनी रचलेल्या 'सेव्हन्थ सी' ने पुढचे पाऊल टाकले. त्यातील थेया हा भूप्रदेश युरोपचेच कल्पित रूप होय : माँतेन म्हणजे फ्रान्स, अव्हलॉन म्हणजे इंग्लंड. येथे धाडसी कृत्याबद्दल खेळाडूस जादा फासे मिळू लागले. म्हणजे साहस हा धोका न राहता सामर्थ्याचा उगम ठरला. २०१६ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा विचार पूर्णत्वास गेला. गंभीर जखमांनी नायक असहाय होतो. परंतु खलनायकाने हेतुपुरस्सर वधाचा निश्चय केल्याखेरीज तो मरत नाही, आणि तो वध रोखण्याची संधी सोबत्यांना मिळते.

खेळाचा नियम हे कार्यकारणाविषयीचे एक विधानच असते. एकाच शतकाकडे पाहताना एक खेळ प्रतिष्ठेला महत्त्व देतो, तर दुसरा धैर्याला. वास्तवातील सतराव्या शतकात द्वंद्वाने कुलीन तरुणांचे प्राण घेतले आणि त्या वेळी धैर्य त्यांना नेहमीच तारू शकले नाही. म्हणून असे खेळ त्या शतकाचे साधन म्हणून वाचता येत नाहीत. ते वाचावयाचे ते उत्तरकाळाने त्या शतकाकडून काय मागितले याचे साधन म्हणून. अलेक्झांडर द्युमाच्या १८४४ च्या 'थ्री मस्केटिअर्स' ला जो निकष अभ्यासक लावतात, तोच नियमपुस्तकांनाही लावणे उचित होय.