दोराच्या पुढच्या टोकाला

ग्लायडरचा विषय काढला की पहिला प्रश्न हमखास येतो: इंजिनच नाही, तर हे वर जातं कसं? पुणेकरांना निदान अर्धं उत्तर माहीत असतं. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर विंच वापरतात, म्हणजे इंजिनावर फिरणारं एक मोठं रीळ. मैदानभर पसरलेली तार त्यावर वेगाने गुंडाळली जाते आणि तारेच्या दुसऱ्या टोकाचा ग्लायडर पतंगासारखा चढतो. स्वस्त आणि मस्त. पण विंच तुम्हाला सोडते ती मैदानाच्याच डोक्यावर, साधारण तीनेकशे मीटरवर. तिथे वर चढणारी गरम हवा सापडली तर ठीक, नाहीतर काही मिनिटांत परत खाली.

उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे दुसऱ्या विमानाने दोर बांधून ओढत नेणं. आज बोलायचंय ते या ओढणाऱ्या विमानाबद्दल, ज्याला ब्रिटनमध्ये टग म्हणतात, आणि त्यात बसणाऱ्या माणसाबद्दल. ग्लायडिंगच्या इतिहासात विक्रमवीरांची नावं ढिगाने सापडतात. त्यांना वर नेऊन सोडणारा मात्र बहुतेक वेळा फोटोच्या चौकटीबाहेर असतो. मला तो जास्त रंजक वाटतो.

सुरुवात जर्मनीत झाली. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनांच्या इंजिनाच्या विमानांवर बंधनं आली, तशी तिथली तरुण मंडळी बिनइंजिनाच्या उडण्याकडे वळली. 1920 पासून ऱ्होनच्या डोंगरात, वासरकुप्पंवर स्पर्धा भरू लागल्या. तेव्हा रबरी दोर ताणून, गलोलीतून दगड सोडावा तसा ग्लायडर उतारावरून सोडत. म्हणजे डोंगर हवाच. 1927 मध्ये कासेलला गेरहार्ड फीझलरने आपल्या विमानामागे गॉटलोब एस्पेनलाउबचा ग्लायडर बांधून ओढला आणि डोंगराची अट सुटली. आता सपाट गावातली माणसंही ग्लायडर उडवू शकणार होती. फक्त त्यासाठी एक विमान लागणार होतं, आणि विमान ही क्लबाच्या खिशाला न परवडणारी वस्तू.

इथून पुढची कहाणी मी ब्रिटनची सांगतो, कारण तिथे हा पैशाचा पेच फार स्पष्ट दिसतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश हवाई दलाकडे टायगर मॉथ नावाची शिकाऊ विमानं पडून होती. आठ हजारांहून जास्त बनलेली, दोन पंखांच्या दोन मजल्यांची, उघड्या कॉकपिटची. ती स्वस्तात विकायला निघाली आणि क्लबांनी उचलली. ओढण्यासाठी हे विमान चांगलं होतं का? खरं सांगायचं तर नाही. 130 अश्वशक्तीचं इंजिन, त्यात दोन मजली पंखांचा हवेला होणारा अडथळा. मागे दोन माणसांचा जड ग्लायडर बांधला की चढता चढता दमछाक. पुढे चिपमंक आलं, तेही हवाई दलाने काढून टाकलेलं. काही क्लबांनी त्यात 180 अश्वशक्तीचं इंजिन बसवून घेतलं. अमेरिकेचं सुपर कब आलं, हलकं आणि 150 अश्वशक्तीचं. निवडलं असं म्हणायचं, पण निवड कसली? जे विमान दुसऱ्या कुणाला नको झालं आणि तरी उडतंय, ते आपलं.

पण या सगळ्या विमानांत एक गोष्ट होती जिची किंमत तेव्हा कुणी वेगळी मोजली नाही. त्यांत दोन जागा होत्या.

मग आलं पायपर पॉनी. हे मुळात पिकांवर औषध फवारायचं विमान. त्याचा रचनाकार फ्रेड वीक. त्याने आधीच गृहीत धरलं होतं की शेतावरून इतक्या खाली उडणारा माणूस कधीतरी आपटणारच. म्हणून पायलटची खुर्ची उंच आणि मागे, पुढे औषधाची टाकी, त्याच्याही पुढे इंजिन. आदळलं तर आधी नाक चुरगळेल, मग टाकी, आणि पायलटपर्यंत धक्का पोचेपर्यंत त्याचा जोर कमी झालेला असेल. 1959 पासून पॉनी विकलं जाऊ लागलं आणि पाच हजारांवर बनलं. ग्लायडर क्लबांच्या दृष्टीने ही चैनच होती. शेकडो लिटर औषध पेलायला दिलेली 235 अश्वशक्ती, आणि आता टाकी रिकामी! सगळी ताकद दोराला. जुनं पॉनी घेताना जाणकार एक गोष्ट आवर्जून बघतात. आधीच्या मॉडेलांत पेट्रोलची टाकी पायलटच्या पुढे, विमानाच्या धडातच होती. 1974 च्या डी मॉडेलमध्ये ती पंखांत गेली. आग लागली तर हा फरक जिवाचा.

सगळं छान. फक्त पॉनीत खुर्ची एकच.

आपल्याकडे नवा बैल औताला शिकवताना जाणत्या बैलाच्या जोडीला जुंपतात. पॉनीच्या जुवाला दुसरी बाजूच नाही. मागच्या खुर्चीतून 'सोड, सोड आता' असं ओरडणारा शिक्षक बसायचा कुठे? पॉनीतलं तुमचं पहिलं उड्डाणच एकट्याचं. त्यामुळे शहाणे क्लब नव्या टग पायलटला आधी दोन जागांच्या विमानात तयार करतात. आणि ज्या क्लबाने दोन जागांचं जुनं विमान विकून पॉनी घेतलं, त्याने विमानाबरोबर आपली शाळाही विकलेली असते. टग निवडताना अश्वशक्ती, पेट्रोल, दुरुस्तीचा खर्च, शेजाऱ्यांना होणारा आवाज हे सगळं मोजतात. ही दुसरी खुर्ची हिशेबाच्या वहीत कुठल्या रकान्यात लिहायची, हे कुणालाच सुचत नाही.

आता तुम्ही म्हणाल, शिकवायचं काय एवढं? सरळ तर जायचंय. तर ऐका.

दोर साधारण पन्नास-साठ मीटरचा. टग पायलटला मागचं दिसतं ते आरशापुरतं. समजा ग्लायडरचा शिकाऊ पायलट गांगरला आणि एकदम वर चढला. दोर आता टगची शेपटी वर खेचतो. शेपटी वर म्हणजे नाक खाली. पुढचा माणूस स्टिक पोटाशी ओढतो, तरी नाक वर येत नाही, कारण मागे चढणाऱ्या ग्लायडरची ओढ शेपटीच्या ताकदीपेक्षा मोठी ठरते. सुटकेचा मार्ग एकच: दोर सोडायचा. हे शे-दोनशे मीटरवर घडलं तर टग जमिनीत जातो. बहुतेक वेळा ग्लायडरवाला सुखरूप उतरतो. चूक मागच्याची, जीव पुढच्याचा.

अशा अपघातांनंतर ब्रिटिश प्रशिक्षकांनी मुद्दाम उंचावर जाऊन हे घडवून पाहिलं. टगमध्ये अनुभवी पायलट, काय होणार हे ठाऊक असलेला, पूर्ण तयारीत. तरी काही सेकंदांत सगळं हातचं गेलं. त्याहून वाईट म्हणजे एका प्रकारच्या हुकावर वरून इतका ताण आला की लिव्हर ओढूनही दोर सुटेना. म्हणजे वर्षानुवर्षं 'सावध राहा, दोर सोडा' असं शिकवलं जात होतं, आणि ऐन वेळी सोडायची सोयच अडकत होती. मला या चाचण्यांचं मोल फार वाटतं, कारण त्यांनी मेलेल्या पायलटांच्या माथ्यावरचा दोष काढला. मग उपाय निघाले ते यंत्राकडून: हूक बदलणं, दोर लांब ठेवणं, दोराला ठरावीक ताणावर तुटणारा कमजोर दुवा लावणं, ग्लायडरला पोटाऐवजी नाकाशी दोर बांधणं. पोटाचा हूक मुळात विंचसाठी असतो आणि तो ग्लायडरचं नाक वर उचलायलाच मदत करतो. ऑस्ट्रेलियात तर ग्लायडर टगच्या मागच्या वाऱ्याखालीच ठेवायची पद्धत रुळली आहे. तिथून तो भलत्या जागी वर चढायला वेळ लागतो.

बाकी शिक्षण दिसायला साधं, करायला किचकट. हलक्या लाकडी ग्लायडरला जो वेग मानवतो, त्यात पंखांत पाणी भरलेला स्पर्धेचा ग्लायडर पडायला येतो. म्हणून मागे कोण आहे हे आधी विचारायचं. वळणं पसरट घ्यायची. आणि खुणा पाठ हव्यात, कारण रेडिओ नेमका तेव्हाच बंद असतो. टगने पंख हलवले तर अर्थ 'आत्ताच्या आत्ता सुटा'. नुसती शेपटी डावी-उजवी हलवली तर 'तुमच्यात काहीतरी बिघाड आहे, एअरब्रेक बघा'. या दोन खुणांची गल्लत झाली की एअरब्रेक उघडे असलेला ग्लायडर कमी उंचीवर दोर सोडून बसतो आणि दगडासारखा उतरतो. ही खूण देणारा आणि वाचणारा, दोघांनाही शिकवावी लागते.

ग्लायडर सुटल्यावरही काम संपत नाही. खाली रांग लागलेली असते, सगळ्यांना घाई. पण तापलेलं इंजिन झटकन बंदवजा करून सूर मारला तर सिलिंडरला तडे जातात, असा क्लबांचा अनुभव, म्हणून शक्ती हळूहळू कमी करत यायचं. उतरताना दोर मागे लोंबतोय हे विसरायचं नाही. कुंपणावरून विमान गेलं म्हणजे दोर गेला असं नाही. कुंपणापलीकडे रस्ता असतो, रस्त्यावर माणसं असतात. आणि हे सगळं करणारा बहुतेकदा पगारी नसतो. कुणी उड्डाणाचे तास जमवणारा तरुण, कुणी निवृत्त गृहस्थ, रविवारभर वीस-पंचवीस वेळा वर-खाली करणारे.

गेल्या काही वर्षांत ब्रिटनमधल्या क्लबांत युरोफॉक्स नावाचं स्लोव्हाकियाचं विमान बरंच दिसू लागलं आहे. शंभर अश्वशक्तीचं रोटॅक्स इंजिन, पॉनीच्या निम्म्याहून कमी पेट्रोल, आणि सिलिंडरची डोकी पाण्याने थंड होणारी, त्यामुळे तड्यांची धास्ती कमी. आवाज कमी म्हणून शेजारी खूश. क्लब ते घेतात पेट्रोलच्या बिलापायी. पण त्यात दोन खुर्च्या आहेत, शेजारी शेजारी, आणि नव्या टग पायलटच्या बाजूला पुन्हा शिक्षक बसू लागला आहे.