टांकसाळीचें दार मिटलें : इ. स. १८९३

पाणिनीनें ‘रूप’ शब्दापासून ‘आहत’, म्हणजे ठसा उमटविलेला, या अर्थीं ‘रूप्य’ शब्द साधिला आहे. रुपयाचें मोल ठशांत कीं धातूंत, हा वाद २६ जून १८९३ च्या कायद्यानें ठशाच्या बाजूनें निकालांत काढिला.

तत्पूर्वीं कोणीही मुंबईच्या वा कलकत्त्याच्या टांकसाळींत चांदी नेऊन रुपये पाडून घेई. रुपयाचें वजन १८० ग्रेन, पैकीं शुद्ध चांदी १६५. जर्मनीनें १८७१ नंतर सुवर्णचलन स्वीकारून चांदी विकावयास काढिली, अमेरिकेच्या खाणींनीं तींत भर घातली. आणि दोन शिलिंगांच्या आसपासचा रुपया १८९२-९३ सालीं सव्वा शिलिंगावर आला. सोन्याच्या देशांत तेव्हां भाव पडत होते, म्हणून येथील महागाई त्या प्रमाणांत चढली नाहीं. सरकारचें दुखणें निराळें होतें: वसूल रुपयांत, विलायतेचा भरणा पौंडांत. हर्शेल समितीच्या शिफारशीनें खुली पाडणी थांबली. १८९९ त पौंडास पंधरा रुपये हा दर कायद्यांत आला.

भरणा सुकर झाला खरा, पण किंमत इतरांनीं दिली. चीनचें चलन चांदीचेंच राहिल्यानें मुंबईचें सूत तेथें महाग पडूं लागलें. कुणब्याच्या घरचे गोठ-तोडे मोडीस काढल्यास पूर्वींइतके रुपये येईनात. ही दुसरी हानि कोणत्याही अंदाजपत्रकांत सांपडत नाहीं.

यास्तव १८९३ नंतरच्या सावकारी वह्यांतील गहाणाचे आकडे तपासतांना संग्राहकांनीं त्या वर्षींचा चांदीचा भाव शेजारीं ठेवावा. केवळ रुपयांवरून दागिन्याच्या तोलाचा अंदाज बांधूं नये.