अजिंठ्याच्या भिंती आणि नकला करणारे हात

गेल्या हिवाळ्यात आपल्या मंडळाची सहल अजिंठ्यास गेली होती, ती पुष्कळ भगिनींच्या स्मरणात असेल. सोळाव्या लेण्यात आम्ही बारा-पंधराजणी 'मरणोन्मुख राजकन्ये'च्या चित्रासमोर उभ्या होतो. मान कलंडलेली, डोळे अर्धे मिटलेले, एक दासी पाठीमागून आधार देत आहे, दुसरी तिच्या मुखाकडे काळजीने पाहत आहे, असे वर्णन मी आदल्या रात्रीच वाचून ठेवले होते व मोठ्या हौसेने सांगतही होते. तेवढ्यात आमच्यातील एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही सांगता ते सारे खरे असेल, पण मला तर भिंत काळवंडलेलीच दिसते. इतकी कीर्ती ऐकली, ती ह्याचीच का?"

सगळ्या हसल्या, मलाही हसू आले. परंतु प्रश्न मनातून जाईना. दीड हजार वर्षे जी चित्रे टिकली, ती काळवंडली कशाने? घरी आल्यावर मिळतील ती पुस्तके वाचली, आणि असे आढळले की ह्या काळेपणात धुराचा, पाण्याचा आणि वटवाघळांचा वाटा आहेच, पण ज्यांनी ह्या चित्रांवर जिवापाड प्रेम केले त्यांचाही आहे. ती हकीकत ह्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी लिहीत आहे.

प्रथम भिंतीविषयी थोडेसे. ज्यांनी लहानपणी अंगण सारवले आहे, भिंतीला पांढरी माती दिली आहे, त्यांना हे समजण्यास अडचण पडू नये. अजिंठ्याच्या कारागिरांनी खडबडीत कातळावर मातीचा गिलावा दिला. त्या मातीत भाताचे तूस व गवताचे तंतू मिसळले, म्हणजे ती वाळताना तडकत नाही. त्यावर चुन्याचा पातळ हात. मग तांबड्या रेषेने आकृती काढून रंग भरावयाचे. रंग म्हणजे गेरू, पिवळी माती, हिरवी माती, दिव्याची काजळी, चुन्यासारखी पांढरी द्रव्ये. निळा तेवढा परदेशचा. तो लाजवर्दाचा दगड, अफगाणिस्तानाकडून आलेला. नवव्या व दहाव्या लेण्यातील सर्वांत जुनी चित्रे ख्रिस्तपूर्व काळातील. पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या, सतराव्या लेण्यातील इसवी सनाच्या पाचव्या शतकातील, वाकाटकांच्या वेळची.

१८१९ च्या एप्रिल महिन्यात मद्रासच्या फौजेतील जॉन स्मिथ नावाचा अंमलदार ह्या दरीत आला व लेणी जगासमोर आली. दहाव्या लेण्यातील एका खांबावर त्याने आपले नाव व तारीख कोरून ठेवली आहे. आपल्याकडील उनाड पोरे देवळांच्या भिंतींवर नावे कोरतात म्हणून आपण रागावतो. ही परंपरा साहेबानेही पाळली म्हणावयाची! त्यानंतर मुंबईच्या एका डॉक्टरसाहेबाने चित्रांतील चार आकृती भिंतीवरून सोलून काढून संग्रहालयात नेण्याचा उद्योग केला. त्यांचा चुरा झाला.

तेव्हा विद्वानांना वाटू लागले की, चित्रे काढून नेता येत नाहीत तर निदान त्यांच्या नकला करून ठेवाव्यात. कंपनी सरकारने १८४४ साली मेजर रॉबर्ट गिल ह्यांची त्या कामी नेमणूक केली. गिलसाहेबांची व पारोची कथा मराठी वाचकांस ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' काव्यामुळे परिचित आहे, म्हणून ती येथे सांगत नाही. अजिंठा गावात पारोची कबर आहे. तीवर २३ मे १८५६ ही तारीख आहे. गिलसाहेबांनी जवळजवळ वीस वर्षे राबून कापडावर तैलरंगांत मोठमोठ्या नकला केल्या. त्या लंडनला क्रिस्टल पॅलेस ह्या प्रचंड काचघरात मांडल्या गेल्या आणि १८६६ च्या डिसेंबरात तेथे आग लागून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या सोडल्या तर साऱ्या भस्मसात झाल्या. गिलसाहेब १८७९ साली वारले. त्यांची कबर भुसावळला आहे.

पुढची पाळी आपल्या मुंबईची. सर जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स हे शिक्षक १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन थंडीच्या दिवसांत अजिंठ्यास जात. ह्या विद्यार्थ्यांपैकी पेस्तनजी बमनजी पुढे नामांकित चित्रकार झाले. चहूकडे जंगल, लेण्यांत वटवाघळांची दुर्गंधी, दाराजवळ थोडा उजेड आणि आत अंधार. अशा ठिकाणी ह्या मुलांनी सुमारे तीनशे नकला केल्या. त्याही विलायतेस गेल्या, आणि दैवदुर्विलास असा की, १२ जून १८८५ रोजी साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात आग लागून त्यांतील कित्येक जळाल्या. एकाच कामावर दोनदा अग्नी कोसळावा, हे कादंबरीत लिहिले तर वाचक विश्वास ठेवणार नाहीत. उरलेल्या नकला आजही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत, आणि त्यांवरून ग्रिफिथ्स ह्यांनी १८९६-९७ मध्ये दोन मोठे ग्रंथ छापले.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिण्यास घेतला तिच्याकडे येते. धुळीने व काजळीने मंद झालेले रंग उजळ दिसावेत म्हणून ग्रिफिथ्स ह्यांच्या वेळी मूळ चित्रांवर वार्निशाचा हात फिरवला गेला. वार्निश लावताच रंग ओल्या दगडासारखे खुलून दिसतात, नकल करणाऱ्याचे काम सोपे होते. काही वर्षांनी ते पिवळे पडते, मग तपकिरी होते, त्यावर धूळ बसते आणि चित्र त्याखाली दिसेनासे होते. ह्या लोकांना चित्रकला येत होती. ते अडाणी नव्हते, लबाड तर नव्हतेच. परंतु भिंतीवरचा रंग कशात कालवला आहे, त्यावर काय चालेल व काय चालणार नाही, हे विचारावयास त्यांच्याजवळ कोणी नव्हते, आणि विचारावे असे त्यांना वाटलेही नाही.

हा प्रश्न जिला आधीपासून पडलेला होता अशी एक बाई पुढे अजिंठ्यास आली. तिचे नाव क्रिस्तियाना हेरिंगहॅम. १८५२ साली जन्मलेली, एका नामांकित लंडनच्या डॉक्टरची पत्नी. पंधराव्या शतकाच्या आसपास इटलीतील चेन्निनी नावाच्या चित्रकाराने रंग कसे कुटावेत, कशात कालवावेत, भिंत कशी तयार करावी ह्याचे एक पुस्तक लिहून ठेवले होते. ते ह्या बाईंनी १८९९ साली इंग्रजीत आणले, पण नुसता कोश घेऊन नव्हे. त्यातील कृती त्यांनी स्वतः करून पाहिल्या: अंड्याच्या बलकात रंग खलावयाचे, फळीवर चढवावयाचे, वाळल्यावर काय होते ते पाहावयाचे. एखादी गृहिणी जुन्या वहीतील पाककृती चुलीवर चढवून पाहिल्याशिवाय दुसरीस सांगत नाही, तशातलाच हा प्रकार. पुस्तकी पांडित्य व हाताची प्रचीती ह्यांचा असा संगम त्या काळच्या पुरुष विद्वानांतही विरळा.

१९०३ साली जुनी चित्रे राष्ट्रासाठी विकत घ्यावीत म्हणून इंग्लंडात एक निधी स्थापन झाला. त्याला पहिले दोनशे पौंड ह्याच बाईंनी दिले. स्त्रियांना मताचा हक्क मिळावा ह्या चळवळीच्याही त्या पाठीराख्या होत्या. (गंमत अशी की, ह्याच निधीने मिळवून दिलेले एक प्रख्यात चित्र १९१४ साली त्याच हक्कासाठी लढणाऱ्या एका बाईने सुरीने फाडले. चळवळीत सगळ्या सारख्याच मताच्या नसतात, हे आपल्या मंडळात आपण पाहतोच.)

१९०६ च्या सुमारास त्यांनी अजिंठा पाहिले आणि भिंतींची दुर्दशा पाहून नव्या नकला करण्याचे ठरविले. १९०९-१० व १९१०-११ असे दोन हिवाळे त्यांनी येथे काढले. त्या वेळी त्यांचे वय सत्तावन्न होते. लेणी तेव्हा निजामाच्या मुलखात. मुक्काम फर्दापूरजवळ तंबूंत. त्यांच्याबरोबर डोरोथी लार्चर ही तरुण चित्रकर्ती होती, हैदराबादहून सय्यद अहमद व फजलुद्दिन हे आले होते, आणि कलकत्त्याहून अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य: नंदलाल बोस, असितकुमार हलदार, समरेंद्रनाथ गुप्त व म्हैसूरकडचे वेंकटप्पा. नंदलालांनी जावेच, असा आग्रह भगिनी निवेदितांनी धरला होता. निवेदितांची दृष्टी किती दूरची होती ते पुढे दिसले. १९२१ साली ग्वाल्हेर संस्थानातील बाघ लेण्यांच्या नकला करावयास नंदलाल व असितकुमार गेले तेव्हा हाच अनुभव कामी आला, आणि शांतिनिकेतनात त्यांनी घडविलेल्या पिढीवर अजिंठ्याच्या रेषेची छाया पडली. लार्चरबाईंनी हिंदुस्थानात कापडावरील ठशांची छपाई पाहिली व मायदेशी परतल्यावर त्याच कलेत नाव काढले.

हेरिंगहॅमबाईंच्या नकला १९११ मध्ये लंडनला मांडल्या गेल्या, त्याही त्याच क्रिस्टल पॅलेसच्या आवारात, जेथे गिलसाहेबांची वीस वर्षांची मेहनत जळाली होती! ह्या खेपेस आग लागली नाही. पण ते यश बाईंच्या पदरी पडले नाही. परतल्यावर त्यांचे मन ढळले. उरलेली अठरा वर्षे त्यांनी रुग्णालयांच्या चार भिंतींत काढली व १९२९ मध्ये त्या निवर्तल्या. त्यांच्या व सहकाऱ्यांच्या नकलांचा ग्रंथ १९१५ साली लंडनच्या इंडिया सोसायटीने छापला. त्याचा आनंद त्यांना कितपत घेता आला असेल, देव जाणे.

निजाम सरकारने १९१४ साली पुराणवस्तू खाते काढले व गुलाम यझदानी हे त्याचे प्रमुख झाले. चित्रे पडू लागली होती, गिलावा सुटत होता. ह्यावर उपाय म्हणून इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी व काउंट ओर्सिनी हे दोन तज्ज्ञ आणविण्यात आले. १९२० ते १९२२ ह्या काळात त्यांनी सुटलेला गिलावा जागच्या जागी बसविला, कडा लिंपल्या. हे काम खरोखर चांगले झाले; ते झाले नसते तर आज पाहावयास कमीच उरले असते. परंतु रंग धरून ठेवण्यासाठी त्यांनी चपडा, म्हणजे सुतार लाकडाला पॉलिश करण्यास वापरतो ती लाख, स्पिरिटात विरघळवून चित्रांवर दिली. लाखेचेही वार्निशासारखेच झाले. वर्षे जाऊ लागली तशी ती पिवळी पडली, आणि त्या थरावर धूळ व काजळी चिकटली. आमच्या बाईंनी जो काळेपणा पाहिला, त्यातला बराचसा हा.

मला ह्यात इटालियनांना दोष द्यावासा वाटत नाही. त्यांच्या देशात जी चित्रे होती ती ओल्या चुन्यावर काढलेली. रंग चुन्यातच मुरतो, चित्र व भिंत एक होऊन जातात. अजिंठ्याचे तसे नाही. हे नक्की कळले ते १९३० नंतरच्या दशकात, मद्रासच्या सरकारी संग्रहालयातील रसायनज्ञ एस. परमशिवन ह्यांनी रंगाचे व गिलाव्याचे कण तपासले तेव्हा. अजिंठ्याचा रंग कोरड्या भिंतीवर सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवून दिलेला आहे. पाणी लागले तर तो उठतो, वर जाड थर दिला तर त्याच्याबरोबर सोलून निघतो. चेन्निनीची कृती अंड्याच्या बलकात घोटून पाहणाऱ्या बाईंची वाट जेथून सुरू झाली होती, तेथेच रसायनशास्त्र सूक्ष्मदर्शक घेऊन पोहोचले.

१९५३ नंतर लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली, आणि त्याच्या रासायनिक शाखेने लाख उतरविण्याचे काम हाती घेतले. ते आजतागायत पुरते संपलेले नाही. कापसाचा बोळा, द्रावण, बोटभर जागा. पुन्हा थांबून पाहावयाचे की खालचा रंग तर येत नाही ना. दहाव्या लेण्यात १९९९ नंतर अशा रीतीने लाख, काजळी व वटवाघळांची घाण ह्यांचे थर काढल्यावर दोन हजार वर्षांपूर्वीच्या आकृती पुन्हा दिसू लागल्या. येथेच त्या जळून उरलेल्या नकलांचा उपयोग होतो. ज्या जागेचा गिलावा आज गळून पडला आहे, तेथे ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांना दीडशे वर्षांपूर्वी काय दिसले ते त्यांवरून ताडून पाहता येते. वार्निश लावणारे हात आणि साक्ष ठेवणारे हात एकच होते, हे मला फार चमत्कारिक वाटते.

एक आणखी गोष्ट. २०१६ साली पुरातत्त्व खात्यातील एक निवृत्त रसायनज्ञ व छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातील एक वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यांनी वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडल्याचे प्रसिद्ध केले. वेरूळच्या गिलाव्यास किडीने फारसे छळले नाही. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही, आणि तेथे किडीने चित्रांचा मोठा भाग खाल्ला. वेरूळची ती कामे अजिंठ्यानंतरची. मधल्या काळात कोणा गवंड्याने, किंवा माती तुडवणाऱ्या कोणा बाईनेही असेल, शेजारच्या दरीतील भिंत किडताना पाहून मातीत काय घालावयाचे ते बदलले असावे, असे मला आपले वाटते.

परतताना फर्दापूरला आम्ही चहासाठी थांबलो. हेरिंगहॅमबाईंचे तंबू कोठे होते, असे मी हॉटेलवाल्यास सहज विचारले. त्याने ते नाव ऐकले नव्हते. "पारोची कबर पाहिली का?" त्याने उलट विचारले, आणि अजिंठा गावाचा रस्ता दाखविला. बस आधीच उशिरा सुटली होती, म्हणून ती राहिली. पुढच्या सहलीत ती पाहावयाची, असे बाईंनी त्या वेळीच सर्वांकडून कबूल करून घेतले आहे.