प्रस्तावना: डिस्टफाइल्स सांभाळताना

बहुतेक लिनक्स वितरणांत पॅकेज तयार होऊनच हाती येते. जेंटूत मात्र पोर्टेज हा पॅकेज मॅनेजर सहसा मूळ सोर्स डाउनलोड करतो आणि तो वापरणाऱ्याच्याच संगणकावर कंपाइल करतो. सोर्सच्या या आर्काइव्ह फाइली, म्हणजे टारबॉल, ‘डिस्टफाइल्स’ नावाच्या डिरेक्टरीत साठत जातात. कर्नल, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस यांच्या दोन-चार आवृत्त्या आल्या-गेल्या की काही जीबी सहज भरतात. मग प्रश्न येतो: यातले पुसायचे काय? हे पुस्तक या एका प्रश्नाभोवती फिरते.

पहिला मोह तारखेचा असतो. तीन महिन्यांहून जुन्या फाइली ‘फाइंड’ने शोधून काढून टाकणारी एका ओळीची स्क्रिप्ट कुणीही लिहील. पण फाइलीच्या वयावरून तिची गरज कळत नाही. एखाद्या लायब्ररीची नवी आवृत्ती वर्षानुवर्षे येत नाही. तरी पॅकेजातली एखादी सुविधा चालू-बंद करणारा यूज फ्लॅग बदलला की पुन्हा कंपाइल करायला तोच जुना टारबॉल लागतो. फाइल शेवटची कधी वाचली गेली ते पाहावे, तर ‘नोएटाइम’ लावून माउंट केलेल्या डिस्कवर ती वेळ नोंदलीच जात नाही.

भरवशाचे उत्तर नोंदींत सापडते. कोणती फाइल कुठून आणायची हे पॅकेजची कृती असलेले ईबिल्ड सांगते आणि काय इन्स्टॉल केलेले आहे हे पोर्टेजचा डेटाबेस सांगतो. या दोहोंचा मेळ घालून डिरेक्टरी तपासणे, हे या पुस्तकातल्या स्क्रिप्टांचे मुख्य काम. जेंटूलकिट या साधनसंचातले ‘ईक्लीन-डिस्ट’ तेच करते. एरवी ते उपलब्ध असलेल्या कोणत्याही ईबिल्डला लागणारी फाइल राखते. ‘डिस्ट्रक्टिव्ह’ पर्याय दिला तर फक्त इन्स्टॉल केलेल्या पॅकेजांच्या फाइली राखते. ‘प्रिटेंड’ दिला तर नुसती यादी दाखवते. नवशिक्याने सुरुवात तिथूनच करावी. परवान्याच्या अटींमुळे स्वतः जाऊन आणाव्या लागणाऱ्या फाइलींसाठी वेगळे संरक्षण आहे, कारण त्या मिररवर मिळत नाहीत.

या पुस्तकात मॅनिफेस्टवर, म्हणजे डाउनलोड केलेली फाइल पडताळण्यासाठी पोर्टेज वापरतो त्या नोंदींवर, सर्वाधिक पाने खर्च झाली आहेत. त्यातल्या एका ओळीत फाइलीचे नाव, बाइटमधला आकार आणि ब्लेक२बी व एसएचए५१२ असे दोन हॅश असतात. प्रत्येक हॅश १२८ अक्षरांचा. एक बाइट जरी बदलला तरी पोर्टेज ती फाइल नाकारतो. जानेवारी २०२३ मध्ये गिटहबवर आपोआप तयार होणाऱ्या आर्काइव्हची कॉम्प्रेशनची पद्धत बदलली. आतला सोर्स तोच होता, पण हॅश जुळेनात आणि अनेक प्रकल्पांचे बिल्ड अडले. गिटहबला तो बदल लगेच मागे घ्यावा लागला. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत लपवलेले बॅकडोअर उघडकीस आले. ते बिल्डमध्ये घुसवणारी स्क्रिप्ट टारबॉलमध्ये होती, गिट रिपॉझिटरीत नव्हती. असा फरक ताडून पाहायचा तर मूळ टारबॉल हाताशी लागतो. डिस्टफाइल्समधली फाइल जागा खाते, तशीच काय कंपाइल झाले याचा पुरावाही असते.

वाचकाला शेल बऱ्यापैकी आणि पायथन जुजबी येत असले तरी पुरे. प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचावीत. फक्त एक पथ्य पाळावे: आपल्या स्क्रिप्टने पुसलेल्या प्रत्येक फाइलीचे कारण लॉगमध्ये लिहावे. ते कारण लिहिता येत नसेल, तर ती फाइल राहू द्यावी.