जुना कॉम्प्युटर, दोन लिप्या

आमच्या घरातला कॉम्प्युटर २०१० मधला, एक जीबी रॅमचा. बीएडनंतर नोकरी लागल्यावर हप्त्यानं घेतला होता. त्यावर विंडोज एक्सपी होतं आणि खरं सांगायचं तर ते विकत घेतलेलं नव्हतं. उर्दू टाइप करायचं सॉफ्टवेअरही कुणाच्या तरी सीडीवरून उतरवलेलं. वर्गात मुलांना हक आणि अमानत शिकवायची आणि घरी चोरीच्या प्रतीवर प्रश्नपत्रिका काढायची, हे मनाला टोचत होतं.

८ एप्रिल २०१४ ला एक्सपीची देखभाल बंद झाली. पुढं मशीन अडखळायला लागलं. दुकानदार म्हणाला, "सर, भंगारात द्या." मग उरुसाच्या दिवसांत परभणीला घरी आलेल्या एका माजी विद्यार्थ्यानं पेनड्राइव्हवरून त्यावर अँटिएक्स नावाचं लिनक्स टाकून दिलं. ते २५६ एमबी रॅमवरही चालावं अशा बेतानं बनवलेलं आहे.

लिनक्सचा जन्मच साध्या मशीनवर झाला. हेलसिंकीतल्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सनं २५ ऑगस्ट १९९१ ला आपल्या कामाची खबर जगाला दिली, तेव्हा त्याच्याकडं ३८६ जातीचा घरगुती पीसी होता. त्याआधी १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमननं मुक्त सॉफ्टवेअरची ग्नू योजना जाहीर केली होती. १९९२ मध्ये लिनक्सनं ग्नूचाच परवाना घेतला : वापरा, बदला, वाटा, पण पुढच्यालाही तोच हक द्या. म्हणजे इथं प्रत काढून देणं चोरी नाही.

माझा खरा प्रश्न लिपीचा होता. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. दफ्तराची भाषा उर्दू, घराबाहेर मराठी. पण नस्तालीक खिळ्यांत बसवणं फार अवघड. अक्षरं एकमेकांवर चढतात, ओळ तिरकी उतरते. म्हणून उर्दू छपाई दीर्घकाळ कातिबाच्या हातावर आणि शिळाप्रेसवर चालली. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकमुळं लाहोरच्या 'जंग'ची पानं कॉम्प्युटरवर जुळू लागली. त्यासाठी हजारो अक्षरजोड्या हातानं लिहाव्या लागल्या होत्या.

आज गूगलचा नोटो नस्तालीक उर्दू फुकट मिळतो. देवनागरीसाठी लोहित आहे. तो रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी सांभाळला. दोन्ही माझ्या मशीनवर आहेत. दोन कळा एकत्र दाबल्या की मराठीचा कीबोर्ड उर्दूचा होतो.

सगळं गोड नाही. ब्राउझर उघडला की मशीन धापा टाकतं, व्हिडिओ अडकतो. नस्तालीकचं लांब पान वर-खाली करताना थांबावं लागतं. पण प्रश्नपत्रिका, नोट्स, अर्ज आरामात होतात.

परवा मुलगी म्हणाली, "अब्बा, नवा घ्या ना आता." घेऊ, बेटा. पण हा भंगारात जाणार नाही. शेजारची दोन मुलं संध्याकाळी त्यावर टाइप करायला येतात, एक उर्दू शाळेतला, एक मराठी. त्यांना पेनड्राइव्हची प्रत देताना आता माझी मान खाली जात नाही.